कुवेत १९९०: सैन्य घुसवल्यामुळे युद्ध झालं, की 'एकोणिसावा प्रांत' केल्यामुळे?

नकाशेवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे. इथे जाणकार आहेत म्हणून टाकतो.

२ ऑगस्ट १९९० ला पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापुढचा आठवडा मात्र कुणी फारसा बघत नाही. ३ तारखेला बगदादनं जाहीर केलं की ५ पासून सैन्य मागे घ्यायला सुरुवात करू. ४ तारखेला कुवेतमध्ये 'हंगामी स्वतंत्र सरकार' उभं केलं. प्रमुख कोण, तर अला हुसेन अली, ज्याचं नाव आदल्या दिवसापर्यंत कुवेतमध्येही कुणी ऐकलं नसेल असा एक लष्करी अधिकारी. आणि ८ तारखेला ते सरकार गुंडाळून थेट विलीनीकरण! फांदी मुळाला परत मिळाली, अशी बगदादची भाषा. २८ ऑगस्टला कुवेत अधिकृतपणे इराकचा १९ वा प्रांत झाला आणि उत्तरेचा पट्टा बसरा प्रांताला जोडून टाकला.

माझं म्हणणं असं की २ तारखेला युद्ध अटळ नव्हतं, ८ तारखेला झालं. सैन्य मागे घेण्यात नामुष्की असते, पण ते करता येतं. 'धडा शिकवायला गेलो होतो, शिकवून आलो' असं आपल्या लोकांना सांगता येतं. कुवेतची वरबा आणि बुबियान ही दोन बेटं, रुमैला तेलक्षेत्राचा वादातला तुकडा आणि कर्जमाफी एवढं पदरात पाडून सद्दाम परत फिरला असता, तर आखातातल्या बऱ्याच राजांनी दातओठ खात का होईना, ते गिळलं असतं. पण 'हा आमचाच भाग, इंग्रजांनी तोडला होता' असं एकदा कायद्यात लिहिलं की माघार म्हणजे स्वतःच्या देशाचा तुकडा शत्रूला देणं. तिथून परतायची वाट उरत नाही, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं बुजवली.

तुम्हाला काय वाटतं? आणि इतर ठिकाणीही असंच झालंय का?

तिरकस तात्या

वाचतोय. हिटलर कितव्या प्रतिसादात येतो यावर पैज घ्यायला तयार आहे. माझा अंदाज दहाच्या आत.

फडताळ

तारखा तुम्हीच दिल्यात, पण त्या तुमच्याच विरोधात जातात.

हे आक्रमण टिकू देणार नाही असं अमेरिकेचे अध्यक्ष बुश बोलले ५ ऑगस्टला. सगळा व्यापार बंद करणारा सुरक्षा परिषदेचा ६६१ क्रमांकाचा ठराव ६ ला. त्याच दिवशी अमेरिकेचे संरक्षणमंत्री डिक चेनी जेद्दाहमध्ये सौदीचे राजे फहद यांच्यासमोर बसले होते आणि अमेरिकी सैन्य उतरवायला होकार घेऊन निघाले. विलीनीकरण त्यानंतर. म्हणजे युद्धाचं यंत्र आधीच सुरू झालं होतं. सद्दामनं बघितलं की कठपुतळी सरकारला कुत्रं विचारत नाही, तेलाची गिऱ्हाइकं तुटली, मग म्हणाला होऊन जाऊ दे. विलीनीकरण हा परिणाम आहे, कारण नाही.

नकाशेवाला

@फडताळ, यंत्र सुरू झालं होतं हे मान्य. पण कशासाठी? फहदना भीती होती की रणगाडे आता सौदीकडे वळतील, आणि सैन्य मागवलं ते सौदी वाचवायला. कुवेत सोडवायला हल्ला करायचा हा निर्णय नोव्हेंबरचा. ६७८ वा ठराव २९ नोव्हेंबरला आला आणि त्यानं १५ जानेवारी ही मुदत घातली. मधले सगळे महिने वाट बघणं चाललं होतं.

आणि मतदान बघा. २ ऑगस्टच्या ६६० व्या ठरावाला १४ मतं, येमेननं भाग घेतला नाही. ६६१ ला १३, क्युबा आणि येमेन तटस्थ. विलीनीकरणानंतर ९ ऑगस्टला ६६२ वा ठराव आला, 'हे विलीनीकरण कायद्यानं शून्य आहे' असं सांगणारा, आणि त्याला १५ पैकी १५! सैन्य घुसवण्यावर ज्यांना इराकला दुखवायचं नव्हतं त्यांनीही नकाशा बदलण्यावर हात वर केले.

आगाऊ कार्टं

कॅस्ट्रो आणि बुश एकाच बाजूला. सद्दामला शांततेचं नोबेल द्यायला हवं होतं.

फडताळ

मतदानाचा मुद्दा चांगला आहे, पण अर्धाच सांगितलात. तीच क्युबा आणि तेच येमेन २९ नोव्हेंबरला ६७८ च्या विरोधात गेले, चीन तटस्थ राहिला. विलीनीकरण चूक म्हणणं आणि त्यासाठी बाँब टाकायला परवानगी देणं यात अंतर आहे. ते अंतर अमेरिकेनं कापलं, सद्दामच्या फर्मानानं नाही.

भडंग_सांगली

मी इतिहासवाला नाही, शेतकरी घरातला. गावाकडे शेजारी दरवर्षी नांगराच्या एका तासानं बांध कोरत असतो. शिव्यागाळी होते, पंच बसतात, दगड परत रोवतात, दिवाळीला एकमेकांकडे फराळाला जातात. पण त्यानं तलाठ्याला धरून सातबाऱ्यावर नाव चढवलं की मग कुऱ्हाडी निघतात. मला नकाशेवाल्यांचं पटलं.

तिरकस तात्या

@भडंग, दिवाळीच्या फराळाला जाणारं तुमचं गाव एकदा दाखवा. आमच्याकडे तिसरी पिढी कोर्टात आहे.

खटपट्या

राष्ट्रवाद वगैरे वरचं वेष्टन आहे हो. आत पैसा बघा. इराणशी आठ वर्षं लढून इराक कर्जात बुडालेला. त्यात कुवेतचं सुमारे १४ अब्ज डॉलर. हे कर्ज माफ करा म्हणाला, कुवेतनं नकार दिला. वर कुवेत आणि अमिरात ओपेकच्या कोट्याबाहेर तेल काढत होते, त्यामुळे भाव पडलेला. एका डॉलरनं भाव उतरला की आमचं वर्षाला एक अब्ज डॉलरचं नुकसान होतं, असं इराक सांगत होता. लाखोंची खडी फौज, सुटून येणाऱ्या जवानांना नोकऱ्या नाहीत. असा माणूस शेजारची तिजोरी फोडणारच. 'आमचाच प्रांत होता' हे फोडल्यानंतर सुचलेलं.

मृण्मयी के

@खटपट्या, तिजोरीबद्दल वाद नाही, पण 'नंतर सुचलेलं' हे चूक आहे.

१९३० च्या दशकात इराकचे राजे गाझी बगदादच्या राजवाड्यातून स्वतःचं रेडिओ केंद्र चालवायचे आणि त्यावरून कुवेत इराकला जोडा असा प्रचार चालायचा. तेव्हा कुवेतच्या तेलाची निर्यात सुरूही झाली नव्हती. १९ जून १९६१ ला कुवेत ब्रिटिशांच्या संरक्षणातून मोकळा झाला आणि आठवड्याच्या आत इराकचा तेव्हाचा सत्ताधीश अब्दुल करीम कासिमनं पत्रकार परिषदेत सांगितलं की हा बसऱ्याचा भाग. ब्रिटिशांनी घाईघाईनं फौज उतरवली आणि मग त्यांच्या जागी अरब लीगची फौज आली. एक राजा, एक राजाला उलथवणाऱ्यांपैकी, आणि तिसरा बाथ पक्षाचा सद्दाम. तिघांचं एकमेकांशी काडीचं पटलं नसतं, पण कुवेतबद्दल तिघं एकच बोलतात.

दावा उस्मानी काळातला. कागदावर कुवेत उस्मानींच्या बसरा विलायतेखाली (प्रांताखाली), पण १८९९ मध्ये कुवेतचे शेख मुबारकनी ब्रिटिशांशी गुपचूप करार केला की तुमच्या परवानगीशिवाय कुणालाही जमीन देणार नाही. म्हणजे दोघांकडे दाखवायला कागद होते. हद्दींचं म्हणाल तर १९२२ मध्ये उकैरला ब्रिटिश अधिकारी पर्सी कॉक्सनं तांबड्या पेन्सिलीनं नकाशावर रेघ ओढली, आणि त्या बैठकीत कुवेतचाच मोठा भाग (पुढे सौदी अरेबियाचा राजा झालेल्या) इब्न सौदच्या पदरात गेला. इराकला समुद्रकिनारा मिळाला जेमतेम पन्नासेक किलोमीटर. ही सल खरी आहे. सद्दामनं ती वापरली, निर्माण केली नाही.

अवली मुलगा

अवांतर: हे कॉक्स वगैरे लोक ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे नोकर ना? कुवेतमध्ये आपला रुपया चालायचा असं आजोबा सांगायचे.

मृण्मयी के

हो. कुवेतचा पोलिटिकल एजंट बुशहरच्या रेसिडेंटला जबाबदार आणि तो रेसिडेंट हिंदुस्थान सरकारला. चलन रुपयाच. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. १ एप्रिल १९६१ ला दिनार आला, १३ रुपये ३३ पैशांना एक या दरानं. आजोबांना नमस्कार सांगा.

बोरिवली_फास्ट

हा धागा टाळायचा ठरवलं होतं, पण राहवलं नाही. आम्ही तेव्हा कुवेतमध्ये फाहाहीलला होतो. मी सहावीत. बाबा एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर. (मालकाचे काही महिन्यांचे पगार थकले ते थकलेच, त्यावर नको बोलायला.)

पहिल्या आठवड्यातले सैनिक भुकेले होते. खालच्या बकाल्यात (किराणा दुकानात) येऊन पाव आणि सिगरेट मागायचे. एकानं आमच्या इमारतीतल्या केरळी काकांचं घड्याळ काढून घेतलं, दुसऱ्यानं मला खजूर दिले. बाबा आईला रोज सांगायचे, हे जातील, यांना स्वतःलाच माहीत नाही का आलेत. मीही तेच ऐकून झोपायचो.

मग माणसं बदलली. गणवेश नसलेली, शर्ट-पँटमधली माणसं आली. त्यांच्या काखेत रजिस्टरं. गाड्यांच्या नंबरप्लेटी बदलून इराकी घ्या, नाहीतर पेट्रोल मिळणार नाही, असं लोक सांगायला लागले. कुवेती दिनार आणि इराकी दिनार एका भावाचे केले, म्हणजे बाबांनी साठवलेलं एका रात्रीत मातीमोल. बाबा गाडीच्या मागे उकिडवे बसून स्क्रूड्रायव्हरनं जुनी प्लेट काढत होते, स्क्रू गंजलेला, निघेना, ते मला अजून दिसतं. नवी प्लेट त्यांनी लावलीच नाही. वर येऊन आईला म्हणाले, 'सैनिक आले तेव्हा वाटलं होतं जातील. आता कारकून आलेत. बॅगा भर.'

मग बसरा, बगदाद आणि जॉर्डनच्या सीमेवरचे तंबू. अम्मानहून एअर इंडियानं सहारला आणून सोडलं. तेव्हा इराक-कुवेतमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते आणि लाखाहून जास्त त्या विमानांनी आले. सिनेमात दाखवतात तसा कुणी एक हीरो आम्हाला भेटला नाही. रांगा होत्या, वकिलातीतले थकलेले लोक होते, आणि कुणाचा तरी डबा कुणीतरी खाल्ला म्हणून भांडणं होती.

तर नकाशेवाला, तुमचा प्रश्न बाबांनी तेव्हाच सोडवला होता असं म्हणायला हरकत नाही.

क्षितिजा

कारकून आले म्हणून बॅगा भरल्या हे वाक्य वाचून थांबले. लिहिलंत ते बरं केलंत. काही भरपाई मिळाली का नंतर?

बोरिवली_फास्ट

मिळाली. संयुक्त राष्ट्रांनी भरपाई आयोग नेमला होता, पैसे इराकच्या तेलविक्रीतून. जिल्हाधिकारी कचेरीत फॉर्म भरले होते. मी कॉलेजात गेल्यावर डॉलरचे रुपये होऊन बाबांच्या खात्यात आले. त्यात माझी फी गेली.

मृण्मयी के

त्या आयोगाचा हिशेब पूर्ण झाला २०२२ मध्ये. एकूण ५२.४ अब्ज डॉलर. ज्यांना सद्दाम आठवतही नाही अशा इराकी पोरांच्या तेलातून शेवटचे हप्ते गेले. मूळ भांडण १४ अब्जांच्या कर्जाचं होतं, खटपट्या.

ठाणेकर काका

आपणही मोजले की पैसे. तेल महागलं, आखातातून येणारा पैसा आटला, परकीय चलन संपत आलं आणि १९९१ मध्ये सोनं गहाण ठेवायला बाहेर पाठवलं. कारणं बाकीही होती, पण धक्का आखाताचा. शिवाय जानेवारी ९१ मध्ये अमेरिकी लष्करी विमानं आपल्याच मुंबईत इंधन भरून जात होती, त्यावरून चंद्रशेखर सरकारवर काय टीका झाली! आणि त्याआधी ऑगस्टमध्ये परराष्ट्रमंत्री गुजराल साहेबांनी बगदादला सद्दामला मारलेली मिठी. फोटो जगभर छापला. तेव्हा आम्ही शिव्या घातल्या, पण माणसं सुखरूप आणायची तर कुणाला तरी मिठी मारावीच लागते.

निवांत पेन्शनर

तात्यांसाठी हिटलर घेऊन येतो.

नकाशेवाल्यांचा नियम १९३८ ला लागू होत नाही. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला, एप्रिलमध्ये सार्वमत घेऊन ९९ टक्क्यांवर होकार दाखवला. युद्ध नाही. सप्टेंबरअखेर म्युनिकमध्ये सुडेटनलँड (चेकोस्लोव्हाकियाचा जर्मनभाषक पट्टा) तर टेबलावर बसून मिळालं. तरीही युद्ध नाही. १५ मार्च १९३९ ला प्रागमध्ये शिरला तेव्हा ब्रिटन जागा झाला, कारण तिथले बहुतेक लोक जर्मन नव्हते आणि 'आमचीच माणसं' ही सबब संपली. ३१ मार्चला पोलंडला हमी आणि १ सप्टेंबरला युद्ध. म्हणजे गिळल्यानं युद्ध होत नाही, गिळणं पचलं की पुढचा घास घेतला जातो आणि त्यावर होतं.

एक गोष्ट फार जण विसरतात. ऑक्टोबर १९३८ मध्ये जर्मनी सुडेटन घेत असताना पोलंडनंही चेकोस्लोव्हाकियाचा तेशेनचा पट्टा बळकावला, आमची पोलिश माणसं आहेत म्हणून. पुढच्या महिन्यात हंगेरीनं दक्षिण स्लोव्हाकिया घेतला. अकरा महिन्यांनी पोलंडवर काय आलं ते माहीत आहेच. प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा एक जुना नकाशा होता, म्हणून दुसऱ्याच्या नकाशाला कुणी ठामपणे नाही म्हटलं नाही.

तिरकस तात्या

दहा ओलांडून आला. पैज हरलो. पण प्रतिसाद भारी, तेशेनचं खरंच माहीत नव्हतं.

आगाऊ कार्टं

मग आपला गोवा? १९६१ मध्ये आपणही सैन्य घातलंच की.

तिरकस तात्या

आला गोवा. आता सिक्कीम, जुनागढ, मग बेळगाव. पॉपकॉर्न आणतो.

कोल्हापुरी कट्टा

बेळगाव, कारवार, निपाणीसह...

संपादक मंडळ

बेळगावसाठी स्वतंत्र धागे आहेत, तीन तर कुलूपबंद आहेत. चौथं कुलूप लावायला लावू नका. गोव्यावर मुद्द्याला धरून लिहायला हरकत नाही.

मांडवीकाठ

मुद्द्याला धरूनच लिहितो. गोवा आणि कुवेत यांची तुलना कुणी केली तर आम्हा गोंयकारांना राग येतो. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता, हद्दपाऱ्या, आग्वादचा तुरुंग, गोळ्या खाल्लेले सत्याग्रही. कुवेतमध्ये बगदादला बोलवायला कोण गेलं होतं?

पण नकाशेवाल्यांच्या मुद्द्याला गोवा लागू होतो, फक्त उलट्या बाजूनं. प्रांत करून बसलेला इथे भारत नव्हता, पोर्तुगाल होता. १९५१ मध्ये तिथला हुकूमशहा सालाझारनं घटना बदलली आणि वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' केलं. म्हणजे गोवा वसाहत नाही, पोर्तुगालच आहे. नेहरू बोलणी करा म्हणत राहिले, लिस्बनचं उत्तर एकच, स्वतःच्या देशाच्या तुकड्याबद्दल बोलणी कसली? फ्रान्सनं १९५४ मध्ये पुद्दुचेरी बोलणी करून सोडली, एक गोळी न झाडता. सालाझारला ते करताच येईना, कारण गोवा दिला तर अंगोला आणि मोझांबिकही 'प्रांत' कसले, हा प्रश्न येणार. डिसेंबर १९६१ मध्ये त्यानं गव्हर्नर वासालो इ सिल्वांना शेवटपर्यंत लढायचा हुकूम दिला. त्यांनी शरणागती पत्करली, शेकडो जीव वाचवले, आणि मायदेशी त्यांना लष्करातून काढून टाकलं. पोर्तुगालनं गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं १९७४ मध्ये, सालाझार मेल्यावर आणि त्याची राजवट उलथल्यावर.

नकाशेवाला

@मांडवीकाठ, हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. वाचनखूण साठवली.

खटपट्या

ठीक, पण एक प्रश्न. पूर्व तिमोर? इंडोनेशियानं डिसेंबर १९७५ मध्ये सैन्य घातलं, १९७६ मध्ये २७ वा प्रांत जाहीर केला. अगदी सद्दामच्या पद्धतीनं. कुणी केलं युद्ध? उलट डिसेंबर १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोरच्या समुद्रावरून उडत्या विमानात बसून तिथल्या तेलाच्या वाटपावर सह्या केल्या. आणि आठ महिन्यांनी तोच ऑस्ट्रेलिया कुवेतच्या विलीनीकरणाविरुद्ध आखातात युद्धनौका पाठवतो! म्हणून म्हणतो, तत्त्व वगैरे काही नाही. कोण गिळतंय आणि गिळलेल्याखालचं तेल कुणाच्या हातात जातंय एवढंच.

आगाऊ कार्टं

खटपट्या फॉर्मात आहेत आज.

मृण्मयी के

खटपट्यांचा मुद्दा कडू आहे आणि बरोबर आहे. बाहेरचे लढायला येतील की नाही हे तत्त्वावर ठरत नाही. पण नकाशेवाल्यांचा प्रश्न गिळणाऱ्याला परतता येतं का, असा आहे. तिमोर सुटलं कधी? इंडोनेशियाचा हुकूमशहा सुहार्तो १९९८ मध्ये गेला, हबीबी आले, त्यांनी १९९९ मध्ये सार्वमत घेतलं, ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्य मागितलं. सालाझारचं वर आलंच. १९६३ मध्ये इराकनं कुवेतला मान्यता दिली, तीही कासिमला मारून सत्ता घेतलेल्या लोकांनी. ज्यानं गिळलं तो ओकत नाही, त्याच्या जागी आलेला ओकतो. त्यानं कुठे शपथ घेतलेली असते?

नकाशेवाला

याला आजचं उदाहरण जोडतो. रशियानं २०२० मध्ये घटनेत कलम घातलं की देशाचा भूभाग परक्याला देता येणार नाही. ३० सप्टेंबर २०२२ ला दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसोन हे युक्रेनचे चार प्रांत जोडून घेतल्याचं जाहीर केलं. पूर्ण ताब्यात नसलेले सुद्धा! ११ नोव्हेंबरला खेरसोन शहर सोडून सैन्य नदीपलीकडे गेलं. सैन्य गेलं, पण कागदावर ते शहर आजही रशियाचं. आता तह करायचा तर पुतिनना आधी स्वतःची घटना ओलांडावी लागेल. सैनिक मागे येतात, कारकून येत नाहीत, हे @बोरिवली_फास्ट यांच्या बाबांचंच म्हणणं.

निवांत पेन्शनर

क्रिमिया मात्र २०१४ मध्ये फारसा गोळीबार न होता गेला, आणि मोठं युद्ध आठ वर्षांनी आलं. बोस्नियाचंही तसंच. ऑस्ट्रियानं १८७८ पासून ताब्यात असलेला बोस्निया ऑक्टोबर १९०८ मध्ये अधिकृतपणे जोडून घेतला. प्रत्यक्षात तिथे काहीच बदललं नाही, तेच शिपाई, तेच कलेक्टर. पण सर्बियात आग लागली, संघटना उभ्या राहिल्या, रशियाचा अपमान झाला. १९०९ मध्ये सर्बियानं मान खाली घालून मान्य केलं आणि सगळ्यांना वाटलं मिटलं. १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडून पहिलं महायुद्ध पेटवणारा पोरगा जोडणीच्या वेळी चौदा वर्षांचा होता. त्याचं सगळं तरुणपण त्या एका जाहीरनाम्याखाली गेलेलं.

फडताळ

दोन दिवस नव्हतो, धागा कुठल्या कुठे गेला. सगळे नकाशेवाल्यांच्या बाजूला गेलेले दिसतात, म्हणून एक अडचणीची गोष्ट टाकतो.

१५ ऑगस्ट १९९०. कुवेत जोडून आठवडा झालाय. त्या दिवशी सद्दाम इराणला कळवतो की १९७५ चा अल्जीयर्स करार मला मान्य आहे. म्हणजे शत्त अल-अरब नदीची मधली धार ही हद्द. हाच करार त्यानं सप्टेंबर १९८० मध्ये जाहीरपणे धुडकावला होता, ती नदी अरबांची म्हणून आठ वर्षं लढला, लाखो माणसं मेली. त्या युद्धाला त्यानं 'सद्दामची कादिसिया' म्हटलं (कादिसिया म्हणजे अरबांनी इराण्यांना हरवलेली जुनी लढाई), १९८९ मध्ये बगदादला स्वतःच्या हातांच्या साच्यावरून तलवारी धरलेली कमान उभारली, पायथ्याशी इराणी सैनिकांची शिरस्त्राणं. आणि ते सगळं एका पत्रात सोडून दिलं, कारण इराणच्या सीमेवरची फौज दक्षिणेला हवी होती. बगदादमध्ये उठाव झाला? नाही झाला.

मग सांगा, 'पवित्र भूमी सोडता येत नाही' कुठे गेलं? हुकूमशहाला हवं तेव्हा सगळं सोडता येतं. कुवेतही सोडता आलं असतं. ९ जानेवारी १९९१ ला जिनिव्हात इराकचे परराष्ट्रमंत्री तारीक अझीझ बुश यांचं पत्र टेबलावर ठेवून निघून गेले, ते राष्ट्रवादामुळे नाही. अमेरिका हवेतून मारेल, जमिनीवर उतरायला कचरेल, हा हिशेब होता. हिशेब चुकला.

खटपट्या

@फडताळ, हा षटकार.

मृण्मयी के

@फडताळ, उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. १५ ऑगस्टच्या पत्रानंतर सद्दामकडे दाखवायला काय उरलं? आठ वर्षांच्या युद्धातून शून्य. कर्ज तसंच, नदी गेली. ज्या घरांतली मुलं बसऱ्याजवळच्या खंदकांत मेली त्यांना सांगायला हातात फक्त कुवेत होतं. शत्त अल-अरब सोडलं कुवेत ठेवण्यासाठी. त्यानंतर कुवेतही सोडलं तर दोन्ही गेलं. पहिल्या पत्रानं दुसऱ्या पत्राची किंमत वाढवली. तुमचा हिशेबाचा मुद्दा त्याला छेद देत नाही. एवढं पणाला लावून बसलेला माणूसच असा वेडा हिशेब करतो.

फडताळ

यावर विचार करतो. पण शेवटी सोडलंच की, आणि स्वतःच सोडलं. २६ फेब्रुवारी १९९१ ला रेडिओवरून माघार जाहीर केली, ५ मार्चला विलीनीकरणाची फर्मानं रद्द केली, १९९४ मध्ये कुवेतच्या नव्या हद्दीला मान्यता दिली. तुमच्या 'ओकत नाही' नियमातून सुटलेला एक तरी गिळणारा हा आहे.

मृण्मयी के

सुटला, पण साडेपाच आठवडे बाँब खाऊन आणि सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवून. १९९४ ची मान्यता तर निर्बंधांखाली.

बोरिवली_फास्ट

आणि ती हद्द तरी कुठे पचलीय? संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये आखलेली रेघ उम्म कस्र या इराकी बंदराच्या अंगावरून जाते, बसऱ्याकडच्या माणसाशी त्यावर दोन मिनिटं बोलून बघा. मी २००९ पासून परत कुवेतमध्ये आहे, सहकारी बरेच इराकी. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये इराकच्या सर्वोच्च संघीय न्यायालयानं दोन देशांमधल्या खोर अब्दुल्लाच्या जलमार्गाच्या कराराला मंजुरी देणारा कायदा रद्द केला. त्या आठवड्यात आमच्या कँटीनमध्ये इराकी एका टेबलावर आणि कुवेती दुसऱ्या टेबलावर जेवत होते.